कुंडलिक मास्तरांची डबल बेल

कुंडलिक मास्तर कधी कुठल्या शाळेत शिकवायला गेले नाहीत. ते एसटीत कंडक्टर होते, चांगली बत्तीस वर्षं, आणि कंडक्टरला मास्तर म्हणायची रीत आहे, एवढंच. पण माणूस शाळामास्तराच्या वरताण कडक. गाडीचा टाइम नऊ दहा म्हणजे नऊ दहा. नऊ अकराला मंत्र्याचा मेहुणा धावत आला तरी मास्तरांचा हात दोरीवर आणि गाडी रस्त्यावर. एक बेल म्हणजे थांब आणि दोन बेल म्हणजे चल, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मास्तरांना मात्र ते वेदवाक्य होतं. दोन बेल दिली की गाडी सुटली, आणि सुटलेली गाडी थांबवायची नाही. सबंध नोकरीत दिलेली डबल बेल आपण एकदाही मागं घेतली नाही, हे ते कोणी विचारो न विचारो सांगायचे.

असा माणूस रिटायर होऊन घरी बसला म्हणजे घरच्यांचं काय होत असेल, विचार करा. सरळगावच्या पुढं, मेनरोडपासून जरा आत त्यांचं गाव. पहाटे चारला उठून हे अंगणात येरझाऱ्या घालणार. भाताला शिट्ट्या उशिरा झाल्या, दूधवाला सहा मिनिटं लेट आला, गाय वेळेवर उठली नाही, अशी घरातल्या सगळ्यांची हजेरी. मुलगा सुयोग कल्याणला कंपनीत जायचा, तो सकाळी सटकायचा. बायको वत्सलाबाई, त्यांनी तर कान कधीच मिटून घेतले होते. राहिली सून कुणाली. दोन वर्षं तिनं सोसलं, आणि मग एक दिवस तिला युक्ती सुचली.

गावात माघी गणपती बसतो. दुपारचा भंडारा झाला की मांडवातच बायाबापड्यांसाठी हाऊजी ठेवायची टूम मंडळाच्या पोरांनी काढली होती. पण पहिल्याच वर्षी असा गोंधळ झाला की देवानं सोंड कानावर घेतली असेल. पोरं आकडे भरभर पुकारायची, कोणी म्हणे निघाला, कोणी म्हणे नाय, एका ओळीवर चौघीजणी हक्क सांगायच्या आणि शेवटी बक्षिसाची बादली दोघींच्या ओढाओढीत फुटली. कुणाली मंडळाच्या अध्यक्षाला जाऊन म्हणाली, आमच्या बाबांना द्या हे काम. अध्यक्षानं सुटकेचा निःश्वास सोडला आणि तिनंही.

मास्तरांनी हाऊजीची अशी काही तयारी केली की जणू आरटीओकडून नव्या गाडीचं पासिंगच करून घ्यायचं आहे. बाजारातली कागदी तिकिटं त्यांना पटली नाहीत. एकदा खेळून फेकायची म्हणजे काय? त्यांनी गावभर फिरून जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर पट्टीनं चौकोन आखून दीडशे तिकिटं बनवली. त्यामुळं आजही तिथं तिकीट उलटं केलं की कोणाच्या तरी लग्नाचा मुहूर्त निघतो. गावातल्या रुपाला तर एकदा तिच्याच मोडलेल्या लग्नाची पत्रिका हातात आली आणि तिला त्याच तिकिटावर बक्षीस लागलं. आकड्यांसाठी जुन्या रबरी चपलांचे नव्वद गोल तुकडे कापले, त्यांवर रंगानं आकडे घातले आणि एका चामड्याच्या पिशवीत भरले. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे बेल. मांडवाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत डोक्यावरून दोरी नेली, टोकाला पितळी घंटा टांगली. त्या दोरीला मास्तरांशिवाय कोणी हात लावायचा नाही, असा दंडक होता.

खेळ कसा खेळायचा हे दरवर्षी सुरुवातीला ते माईकवरून सांगत, आणि दरवर्षी तेच सांगत. तिकीट म्हणजे तुमची गाडी. तीन ओळी, ओळीत पाच, एकूण पंधरा पॅसेंजर. मी आकडा पुकारला आणि तो तुमच्या गाडीत असला तर त्याच्यावर चिंचोका ठेवायचा, म्हणजे पॅसेंजर बसला. पहिले पाच कोणाचेही, कुठलेही बसले की पहिलं बक्षीस. मग वरची ओळ, मधली ओळ, खालची ओळ. पंधराच्या पंधरा बसले की फुल हाऊस, म्हणजे गाडी फुल्ल. बक्षीस लागलं की बसल्या जागेवरून वरडायचं. मी एक बेल देईन, गाडी थांबेल, तिकीट तपासलं जाईल. कोणी वरडलं नाही तर मी मनात सातपर्यंत मोजून डबल बेल देणार आणि पुढचा आकडा काढणार. डबल बेलनंतर वरडलात तर वरातीमागून घोडं. तिकीट बाद.

पुकारायची तऱ्हाही त्यांचीच. एक ते चव्वेचाळीस म्हणजे गाडीतल्या सीटा, त्याच्या पुढचे उभे, साठच्या पुढचे टपावर. "एक, डायवरच्या मागं." "तीन, महिलांसाठी राखीव." "सत्तावीस, चाकावरची, हाडं सांभाळा." "बावन्न, दांडी धरा." नव्वद निघाला की ते नुसते हात जोडायचे, कारण टपावर तेवढी माणसं बसवून घाट उतरायला त्यांची तयारी नव्हती. बायका हसून बेजार व्हायच्या. मास्तर स्वतः हसत नसत. ड्युटीवर होते ना ते.

आणि खरं सांगायचं तर बादली पुन्हा कधी फुटली नाही. नियम म्हणजे नियम. गेल्या वर्षी गावातल्या बाईजाबाईची वरची ओळ भरली, त्याच क्षणाला रंगूच्या शेळीनं मांडवात तोंड घालून तिचं तिकीट पकडलं. पत्रिका जरा सोनेरी होती, शेळीला आवडली असणार. बाईजाबाई तिकीट शेळीच्या तोंडातून ओढून काढेपर्यंत डबल बेल झाली. तिनं अर्धं चावलेलं तिकीट हवेत नाचवत आभाळ डोक्यावर घेतलं, पण मास्तर म्हणाले, गाडी सुटली. त्यानंतर महिनाभर बाईजाबाई त्या घराशी बोलली नाही. होळीच्या रात्री सगळ्यांबरोबर मास्तरांच्या नावानं मनसोक्त बोंब मारली तेव्हा कुठं तिच्या पोटातलं निघालं.

सगळं गाव असं त्या मांडवात जमायचं, नाही यायच्या त्या एकट्या वत्सलाबाई. म्हणजे यायच्या, भंडाऱ्याची भांडी घासायच्या, पण तिकीट घ्यायच्या नाहीत. कोणी आग्रह केला की म्हणायच्या, "मी त्यांच्या गाडीत बसत नाय." नव्या सुनांना वाटायचं बाई थट्टा करतेय. जुन्यांना माहीत होतं की थट्टा नव्हे.

त्याचं असं झालं होतं. वत्सलाबाईंचं माहेर वैशाखरे. लग्नाला दोन महिने झाले नव्हते, उन्हाळ्याचे दिवस, त्या माहेरी गेल्या होत्या. मास्तर तेव्हा आळेफाट्याहून घाट उतरून येणाऱ्या गाडीवर होते. ठरलं होतं की दुपारी नवऱ्याच्याच गाडीनं परत यायचं. नवी नवरी, नवऱ्याची गाडी, काय तो तोरा असेल मनात! वेळेवर स्टॉपवर येऊन उभ्या राहिल्या होत्या. तेवढ्यात आईला आठवलं, विहीणबाईंसाठी ठेवलेला फणस घरीच राहिला. वत्सलाबाई धावत माघारी गेल्या, फणस डोक्यावर घेतला आणि धावत आल्या. गाडी उभी होती. तीस पावलं राहिली असतील, आणि त्यांनी हाक मारली, "अवो, थांबा."

मास्तर दारातच होते. त्यांनी बघितलं. सगळ्या गाडीनं बघितलं. कोणीतरी म्हणालं, मास्तर, वहिनी येतायत. आणि मागच्या सीटवरून कोणीतरी हसलं, "आता बायकोसाठी गाडी थांबनार." त्या हसण्यानं घात केला. मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, हात दोरीवर गेला आणि दोन बेल पडल्या.

पुढची गाडी तीन तासांनी. वत्सलाबाई स्टॉपवर बसल्या, दगडानं फणस फोडला, आणि तिथल्या पोरांना, गुराख्यांना, आल्यागेल्याला गरे वाटत बसल्या. स्वतःही पोट भरून खाल्ले. संध्याकाळी घरी आल्या आणि सासूच्या पुढ्यात आठळ्यांचं गाठोडं ठेवलं. फणस कुठाय गो, असं सासूनं विचारलं. "तुमच्या लेकाच्या गाडीत जागा नव्हती," असं म्हणून त्या चुलीला लागल्या.

भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडण झालंच नाही. संसार नीट झाला, मुलगा झाला, भातं लावली, घर बांधलं. पण त्या दिवसानंतर वत्सलाबाई मास्तरांच्या गाडीत चढल्या नाहीत. समोर नवऱ्याची गाडी रिकामी उभी असली तरी तोंड फिरवून मागच्या गाडीची वाट बघायच्या. एकदा सुयोग तापानं फणफणला होता, मुरबाडला दवाखान्यात न्यायचा होता, गाडी आली ती नेमकी मास्तरांची. बाई पोराला घेऊन वाळूच्या ट्रकमध्ये बसून गेल्या. आणि मास्तर? त्यांना काय बोलायचं होतं ते पाठ होतं, पण बोलायला गेलं की गाडीच्या टाइमाचंच काहीतरी बोलून मोकळे व्हायचे. टाइम झाला होता ना? नियम बरोबर होता ना? मग माफी कसली मागायची? असं ते स्वतःलाच विचारायचे, आणि तरी गाडी वैशाखऱ्याला आली की बाहेर न बघता तिकिटांचा ट्रे लावत बसायचे. अडतीस वर्षं एक फणस त्यांच्या घशात अडकला होता.

यंदाच्या माघीला फुल हाऊसचं बक्षीस होतं मिक्सर. तीन भांड्यांचा, अजून प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला. मास्तरांच्या घरचा मिक्सर दिवाळीपासून बंद होता. पुढच्या महिन्यात बघू, असं मास्तर दर महिन्याला म्हणत होते, आणि वत्सलाबाई पाट्यावर वाटण वाटत खांद्याला तेल लावत होत्या. भंडारा उरकला, तिकिटं वाटली जात होती, आणि मास्तरांनी माईकवर फुंकर मारता मारता बघितलं तर तिसऱ्या रांगेत कुणालीच्या शेजारी वत्सलाबाई मांडी घालून बसलेल्या. पुढ्यात तिकीट. मुठीत चिंचोके.

मास्तरांच्या हातून पिशवी पडता पडता राहिली. बाई गाडीत बसली! मिक्सरसाठी का होईना, पण बसली. त्या दिवशी नियम सांगताना त्यांचा आवाज दोनदा बसला, आणि "पंधरा पॅसेंजर" म्हणायच्या जागी ते "पंधरा पाहुणे" म्हणाले. लोकांना वाटलं, वय झालं.

खेळ सुरू झाला. पहिले पाच गेले, ओळी गेल्या, टोपल्या-डबे वाटून झाले. राहिला मिक्सर. मास्तर एकेक आकडा पुकारत होते आणि प्रत्येक आकड्याला डोळा तिसऱ्या रांगेकडं जात होता. बाईच्या तिकिटावर चिंचोके भराभर चढत होते. आपल्या हातानं हिला मिक्सर लागला तर काय होईल, या विचारानं ते लांबूनच तिचे चिंचोके मोजायला लागले. बाईजाबाई एकीकडं सगळ्या मांडवाला ऐकवत होती की माझा नुसता तेवीस राह्यलाय, बघा, फक्त तेवीस.

"तीन, महिलांसाठी राखीव."

मास्तरांना वाटलं, वत्सलाबाईंचा हात तिकिटाकडं गेला. सातपर्यंत मोजलं, खोटं कशाला बोला, जरा हळूच मोजलं. बाई गप्प. मास्तरांनी डबल बेल दिली. मग एकोणीस निघाला, मग छप्पन्न, मग आठ, मग चाळीस. कोणी ओरडलं नाही. "सत्तर, टपावर," मास्तर म्हणाले, सात मोजले, डबल बेल दिली, पिशवीत हात घालून पुढचा तुकडा काढला, आणि घंटा अजून हलत होती तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला.

"अवो, थांबा."

फुल हाऊस नाही, गाडी फुल्ल नाही. नुसतं एवढंच. वत्सलाबाई तिकीट हातात धरून उभ्या होत्या. मागच्या बाजूनं कोणीतरी खुसखुसलं. माणूस दुसरा होता, हसू तेच होतं.

मास्तरांच्या एका हातात न पुकारलेला आकडा, दुसरा हात दोरीवर. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. नियम काय, ते सगळ्या गावाला त्यांनीच सात वर्षं शिकवलं होतं. डबल बेल झाली होती. गाडी सुटली होती. मास्तरांनी दोरी ओढली. एकदाच.

ती एक बेल ऐकून रंगूची शेळीसुद्धा चरायची थांबली. वत्सलाबाई रांगांमधून वाट काढत पुढं आल्या आणि तिकीट मास्तरांच्या हातात दिलं. त्यांनी आकडे ताडून बघितले. पंधराच्या पंधरा बरोबर. पण मघापासून निघालेले सत्तर, चाळीस, आठ, छप्पन्न, एकोणीस, त्यातला एकही त्या तिकिटावर नव्हता. शेवटचा बसलेला आकडा होता तीन. मास्तरांनी माईकवर हात ठेवला.

"अगो, तुझी गाडी तीनलाच भरली. तवाच का नाय बोललीस?"

"तवा बोलले असते तर नियमानं थांबवावीच लागली असती," वत्सलाबाई म्हणाल्या. "सुटलेली थांबते का, ते बघायचं व्हतं मला."

एव्हाना बाईजाबाई उभी राहिली होती. तिचं म्हणणं सरळ होतं. गेल्या साली शेळीच्या तोंडात तिकीट असताना आपली गाडी सुटली, मग मास्तरांच्या बायकोची कशी काय थांबली? बायकांच्यात कुजबुज सुरू झाली. कुणालीनं कपाळावर हात मारून घेतला.

मास्तर माईकवर म्हणाले, "बाईजाबाईचं बरोबर हाय. तिकीट बाद." वत्सलाबाईंनी मान हलवली. त्यांच्या तोंडावर मिक्सर गेल्याचं काही दुःख दिसेना. आल्या कामाचं उत्तर मिळालं होतं. त्या वळणार तोच मास्तर पुन्हा बोलले, आणि या वेळीही त्यांनी माईकवर हात ठेवला नाही, मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाऊ दिलं.

"आनि आनखी एक. वैशाखऱ्याला मी गाडी सोडली ती टाइम झाला म्हनून नाय. लोक हसतील म्हनून सोडली. माझं चुकलं."

पोरांना काही कळलं नाही. म्हाताऱ्यांना सगळं कळलं, आणि कोणी हसलं नाही. मास्तरांचे डोळे भरून आले होते. त्यांना दोरी दिसेना, हातातला आकडा वाचता येईना, पुढं काय करायचं तेच सुचेना. सगळी गाडी प्रवासी भरून रस्त्यात उभी.

वत्सलाबाईंनी थोडी वाट बघितली. मग म्हणाल्या, "आता काय हितंच मुक्काम?" आणि डोक्यावरची दोरी धरून त्यांनी स्वतःच डबल बेल दिली. दंडक मोडला तो मोडला. मास्तरांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले आणि मघापासून घट्ट मिटलेली मूठ उघडून रबराचा तुकडा बघितला. तेवीस होता. बाईजाबाई अशी ओरडली की पलीकडच्या पाड्यावरची कुत्री भुंकायला लागली, आणि मिक्सर तिच्या घरी गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर न सांगता कपडे करून उभे राहिले आणि म्हणाले, चल, मुरबाडला जाऊन मिक्सर आणू. दोघं फाट्यावर आली, गाडी आली, वत्सलाबाई चढल्या आणि खिडकीजवळ बसल्या. मास्तर शेजारी बसले. एवढ्या वर्षांत नवराबायको एका सीटवर पहिल्यांदाच बसत होती, त्यामुळं कोपर कुठं ठेवावं हे दोघांनाही कळेना. कंडक्टर तरणा होता, दोरीला हात घालून उभा होता. तेवढ्यात वत्सलाबाई खिडकीतून बघत म्हणाल्या, कोण बाई धावत येतेय बघा, डोक्यावर पाटी हाय.

"ओ मास्तर, थांबवा जरा," कुंडलिक मास्तर म्हणाले.

"बाबा, टाइम झालाय," कंडक्टर म्हणाला.

"टाइमाचं मला नको सांगू," असं म्हणून मास्तर सीटवरून उठले, हात वर केला आणि एक बेल दिली. पाटीवाली बाई चढली, धापा टाकत मागच्या सीटवर जाऊन बसली. वत्सलाबाईंनी कोपर थोडं सरकवलं आणि मास्तरांना बसायला जागा केली.